हवेच्या लाटांचे मोजमाप

समुद्राची लाट डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते. परंतु ज्या दुसऱ्या महासागराच्या तळाशी आपण सारे जन्मभर वावरत असतो, त्या हवेच्या महासागरातही अहोरात्र लाटा उठत असतात, याची जाणीव आपल्याला क्वचितच होते. झालीच तर ती ढगांमुळे. एखाद्या दिवशी आकाशात नांगरलेल्या शेतातील सऱ्यांप्रमाणे, सारख्या अंतरावर आखलेल्या शुभ्र ढगांच्या ओळी दिसतात. जेथे हवा वर चढते तेथे ती थंड होऊन तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. जेथे ती खाली उतरते तेथे तापते आणि ढग विरतात. त्या ओळी म्हणजे लाटेचे माथे आणि मधल्या निळ्या पट्ट्या म्हणजे तिचे खळगे होत. बाष्प नसेल तर लाट असूनही काहीच दिसत नाही. आणि स्थितांबरात, म्हणजे साधारणतः १५ ते ५० किलोमीटर उंचीवरील थरात, बाष्प जवळजवळ नसतेच. ज्या लाटा दिसत नाहीत, ज्यांचा आवाज होत नाही, त्या मोजायच्या कशा? शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले ते जितके साधे तितकेच चतुर आहे. ते म्हणजे उपग्रहावरून हवेचे तपमान मोजणे.

प्रथम नावाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. या लाटांना शास्त्रीय परिभाषेत ‘गुरुत्व-लहरी’ म्हणतात. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी ज्या प्रथम टिपल्या, आणि ज्यांच्या वेधासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली, त्या ‘गुरुत्वीय लहरी’ अगदी निराळ्या. त्या दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून निघतात. आपल्या लाटांचे मूळ आपल्याच डोंगरांत आणि आपल्याच ढगांत असते.

लाट उठते कशी?

पाण्यावर तरंगणारे बूच बोटाने खाली दाबून सोडले, तर ते उसळून वर येते, थोडे अधिकच वर जाते, पुन्हा खाली बसते आणि असे हेलकावे घेत राहते. स्थिर थरांच्या हवेतही तेच घडते. हवेचा एखादा पुंजका वर ढकलला गेला की तो प्रसरण पावून भोवतालच्या हवेपेक्षा थंड व जड होतो. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते. आपल्या जागेवर न थांबता तो खाली उतरतो, दाबला जाऊन तापतो, हलका होतो आणि पुन्हा वर ढकलला जातो. या हेलकाव्याची गती ब्रिटनचे डेव्हिड ब्रंट आणि फिनलंडचे विल्हो व्हैसाला या दोघा हवामानशास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखली जाते. भूपृष्ठालगतच्या थरात एका हेलकाव्याला निदान दहा मिनिटे लागतात, स्थितांबरात सुमारे पाच. त्याहून मंद, तासन्‌तास चालणारे हेलकावेही असतातच.

हवेला हा पहिला धक्का देते कोण? वाऱ्याच्या वाटेत आडवा आलेला डोंगर, उसळत्या वादळी ढगांची टोके, आणि उंचावरच्या वेगवान वाऱ्यांचे प्रवाह ही तीन मुख्य कारणे आहेत. यांपैकी डोंगरांच्या लाटांचा परिचय वैमानिकांना आधी झाला, आणि तो कधी कधी फार महाग पडला. ५ मार्च १९६६ रोजी टोकिओहून हाँगकाँगला निघालेले एक बोइंग ७०७ विमान स्वच्छ आकाशात जपानच्या फुजी पर्वताजवळ तुटून पडले आणि त्यातील १२४ जण मृत्युमुखी पडले. पर्वताने उठविलेल्या लाटेतील प्रचंड खळबळ हे त्याचे कारण ठरले. उलट पक्षी, याच लाटांवर स्वार होऊन इंजिनरहित विमाने विलक्षण उंची गाठतात. २०१८ च्या सप्टेंबरात अर्जेंटिनातील अँडीज पर्वताच्या लाटेवर ‘पर्लन-२’ हे असे विमान २३ किलोमीटरांहून अधिक उंच गेले.

उन्हाळ्यातली थंडी

मात्र या लाटांचे खरे महत्त्व याहून मोठे आहे. त्या आपल्याबरोबर रेटा घेऊन जातात. शास्त्राच्या भाषेत त्याला संवेग म्हणतात. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होत जाते. ८० किलोमीटरांवर तिची घनता जमिनीलगतच्या घनतेच्या साठ हजारावा भागही नसते. लाटेतील ऊर्जा मात्र, ती वाटेत खर्ची पडली नाही तर, तेवढीच राहते. तेवढ्याच ऊर्जेने आता थोड्या हवेला हलवावयाचे असल्याने लाट उंचीबरोबर फोफावत जाते. डोंगरमाथ्यावर अगदी किरकोळ असलेला हेलकावा मध्यांबरात अक्राळविक्राळ होतो, आणि किनाऱ्यावर समुद्राची लाट फुटावी तसा तेथे फुटतो. फुटताना तो आपला रेटा तेथील वाऱ्याला देऊन टाकतो. जमिनीवरील डोंगराने ८० किलोमीटर उंचीवरील वाऱ्याला खीळ घालावी, असा हा प्रकार आहे.

त्याचा परिणाम कोणालाही चकित करील. पृथ्वीच्या वातावरणातील सर्वांत थंड जागा कोठे असेल? हिवाळ्यात, ध्रुवाच्या काळोखात, असे उत्तर कोणीही देईल. वस्तुतः ती उन्हाळ्यात, ध्रुवावर, ८५ ते ९० किलोमीटर उंचीवर असते. सूर्य चोवीस तास मावळत नाही अशा काळात तेथील तपमान शून्याखाली १४० अंशांच्या आसपास उतरते. याचे कारण तेथे फुटणाऱ्या लाटा. त्यांच्या रेट्यामुळे आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे त्या उंचीवरील हवा उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे सरकत राहते. तिची जागा भरून काढण्यासाठी उन्हाळी ध्रुवावर खालची हवा वर चढते, प्रसरण पावते आणि थंडगार होते. १८८५ मध्ये युरोपातील निरीक्षकांच्या नजरेत भरलेले ‘निशादीप्त मेघ’, म्हणजे सूर्यास्तानंतर बऱ्याच वेळाने रुपेरी चमकणारे बर्फकणांचे ढग, याच थंडीत तयार होतात.

कॅनडातील कॉलिन हाइन्स यांनी १९६० मध्ये अत्युच्च थरांतील चमत्कारिक हालचाली गुरुत्व-लहरींमुळे होतात असे प्रतिपादन केले. १९८१ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड लिंडझेन यांनी लाट कोठे फुटेल आणि किती रेटा देईल याचे सुटसुटीत गणित मांडले. तेव्हापासून हवामानाच्या गणिती प्रतिकृतींत या लाटांना जागा मिळाली. परंतु ती पदरच्या आकड्यांनी. संगणक पृथ्वीचे वातावरण चौकटींत विभागून गणित करतो. चौकट १०० किलोमीटरांची असेल, तर ३० किलोमीटर लांबीची लाट तिच्यात मावूनही दिसत नाही. तिचा परिणाम अंदाजाने धरावा लागतो. अंदाज चुकला तर वारे चुकतात, वारे चुकले तर तपमान चुकते. तेव्हा प्रत्यक्ष मोजमापाला पर्याय नव्हता.

तपमानातील लाट

रडार आणि उंच जाणारे फुगे यांनी हे मोजमाप होत होते व आजही होते. आपल्याकडे तिरुपतीजवळ गडंकी येथील मोठ्या रडारने या लाटांचा पुष्कळ अभ्यास घडविला आहे. तथापि रडार आपल्या डोक्यावरचेच आकाश पाहते. साऱ्या पृथ्वीचा हिशेब मांडायचा तर उपग्रहच हवा.

उपग्रहाला वारा सहजासहजी दिसत नाही, पण तपमान दिसते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू सतत अवरक्त किरण बाहेर टाकत असतो, आणि हवा जितकी उष्ण तितके ते किरण प्रखर. त्यांची प्रखरता मोजली की हवेचे तपमान कळते. आता वर सांगितलेला बुचाचा हेलकावा आठवावा. कोरडी हवा एक किलोमीटर वर चढली तर सुमारे दहा अंशांनी थंड होते. स्थितांबराच्या खालच्या भागात भोवतालचे तपमान उंचीबरोबर फारसे बदलत नाही. म्हणून तेथे लाटेने हवा २०० मीटर उचलली, तर ती भोवतालपेक्षा दोन अंशांनी थंड भासेल; तेवढीच खाली दाबली, तर दोन अंशांनी उष्ण. अशा रीतीने लाटेचे माथे थंड आणि खळगे उष्ण अशी पट्ट्यापट्ट्यांची नक्षी तपमानात उमटते. ढगांच्या सऱ्यांचेच हे न दिसणारे भावंड म्हणावे.

या नक्षीवरून रेटा काढण्याच्या तीन पायऱ्या आहेत. प्रथम ऋतूनुसार, अक्षांशानुसार होणारा तपमानाचा संथ, मोठा चढउतार वजा करावयाचा. उरतो तो एकदोन अंशांचा थरथराट, तीच लाट. दुसरी पायरी अशी की, एकाच जागी खालून वर तपमान कसे बदलते ते पाहून लाटेची उभी लांबी आणि हेलकाव्याचा जोर ठरवायचा. तिसऱ्या पायरीत शेजारच्या दोन जागांची नक्षी ताडून पाहावयाची. एकीकडे माथा असताना दुसरीकडे लाट किती पुढेमागे आहे, यावरून तिची आडवी लांबी निघते. हवेची घनता, उभ्या लांबीचे आडव्या लांबीशी प्रमाण आणि तपमानातील चढउताराचा वर्ग यांच्या गुणाकारावरून रेट्याचे मान मिळते.

येथे एक मेख आहे. घराच्या पन्हळी पत्र्यावर सरळ काटकोनात दोरी धरली तर दोन पन्हळींमधील खरे अंतर मिळते. दोरी तिरपी धरली तर तेच अंतर अधिक भासते. उपग्रहाचा मार्ग ही अशीच एक दोरी आहे, आणि लाट तिला कोणत्या कोनात छेदते हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे आडवी लांबी खऱ्याहून जास्त आणि रेटा खऱ्याहून कमी येतो. शिवाय रेटा पूर्वेकडे की पश्चिमेकडे, हेही एका दोरीवरून सांगता येत नाही. म्हणूनच या क्षेत्रातील जाणकार आपल्या आकड्यांना किमान अंदाज समजतात.

बिघाडातून लाभ

या शोधाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९७८ च्या ऑक्टोबरात सोडलेल्या निंबस-७ उपग्रहावर ‘लिम्स’ नावाचे उपकरण होते. ते वातावरणाच्या कडेकडे, म्हणजे क्षितिजावरील हवेच्या पातळ पापुद्र्याकडे तिरपे पाहून तपमान व ओझोन मोजीत असे. त्याला थंड ठेवणारा साठा सात महिन्यांत संपला आणि काम थांबले. त्या मापांतील बारीक थरथराटात गुरुत्व-लहरी दडलेल्या आहेत, हे एरिक फेट्झर आणि जॉन गिल यांनी दाखविले ते १९९४ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. १९९६ मध्ये दुसऱ्या एका उपग्रहाच्या मापांतील अशाच थरथराटाविषयी लिहिताना त्या संशोधकांनी हा लाटांचा ‘संभाव्य’ पुरावा आहे, एवढेच जपून म्हटले. मधल्या काळात, १९९४ च्या नोव्हेंबरात, अंतराळयानातून गेलेल्या ‘क्रिस्टा’ उपकरणाला दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी अँडीज पर्वतावर उठलेल्या लाटा स्थितांबरात स्पष्ट दिसल्या.

सर्वांत बोधप्रद कथा ‘हर्डल्स’ या उपकरणाची. अमेरिका व ब्रिटन यांनी मिळून बनविलेले हे उपकरण १५ जुलै २००४ रोजी ऑरा उपग्रहाबरोबर वर गेले. ते सुरू करताच ध्यानी आले की, आतील प्लॅस्टिकच्या पातळ आवरणाचा तुकडा सुटून त्याच्या झरोक्यापुढे आला आहे. झरोक्याचा सुमारे ८० टक्के भाग झाकला गेला होता. डावीउजवीकडे नजर फिरवून जगाचा दाट नकाशा काढण्याचा बेत बारगळला. दक्षिण ध्रुवाजवळचा प्रदेश कायमचा दृष्टीआड झाला. शास्त्रज्ञांनी उरलेल्या फटीतून येणाऱ्या मापांतून आवरणाचा स्वतःचा प्रभाव वजा करण्याची रीत वर्षानुवर्षे खपून बसविली. आणि मौज अशी की, नजर एकाच दिशेला खिळल्यामुळे उपकरण त्याच रेषेवर पुनःपुन्हा वरखाली पाहू लागले; मापे एकमेकांपासून १०० किलोमीटरांच्या आत पडू लागली. शेजारच्या दोन जागांची तुलना करण्यासाठी नेमके हेच हवे होते! मार्च २००८ पर्यंत चाललेल्या या अर्धांध उपकरणाने गुरुत्व-लहरींच्या रेट्याचे जे जागतिक नकाशे दिले, त्यांचा आधार अभ्यासक पुढे कित्येक वर्षे घेत राहिले.

नकाशात न मावणारी बेटे

कडेकडे पाहणाऱ्या उपकरणाची दृष्टिरेषा हवेतून शेकडो किलोमीटर तिरपी जाते. त्यामुळे उंचीचा एकेक किलोमीटर ते वेगळा ओळखू शकते, पण आडव्या दिशेने आखूड असलेल्या लाटा त्याच्या दृष्टीत एकमेकींत मिसळून जातात. २००२ च्या मे महिन्यात ॲक्वा उपग्रहाबरोबर गेलेले ‘एअर्स’ हे उपकरण याच्या उलट स्वभावाचे. ते खाली पाहते. सुमारे १६५० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात, चौदा-पंधरा किलोमीटरांच्या ठिपक्यांनी, ते तपमानाचे चित्र रंगविते. लाटांच्या वक्र रेघा आणि त्यांची दिशा त्यात स्पष्ट उमटतात. मात्र उभ्या दिशेने दहा-बारा किलोमीटरांहून आखूड लाटा त्याला दिसत नाहीत.

याच चित्रांत एक अनपेक्षित गोष्ट आढळली. दक्षिण गोलार्धात अंटार्क्टिकाभोवतीच्या वादळी समुद्रात साउथ जॉर्जिया नावाचे बेट आहे. लांबी सुमारे १७० किलोमीटर, रुंदी त्याच्या कितीतरी कमी, पण शिखरे २९०० मीटरांपर्यंत पोहोचणारी. जोन अलेक्झांडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविले की, या बेटाच्या मागे नावेच्या मागील तरंगांसारख्या लाटा थेट स्थितांबरात पोहोचतात. केर्गेलेनसारखी इतर लहान बेटेही तसेच करतात. संगणकाच्या जाड चौकटीत ही बेटे जवळजवळ सपाट होऊन गेली होती. त्यांच्या लाटांचा हिशेबच धरला गेला नव्हता.

या विसराची किंमत काय, हे ओझोनच्या संदर्भात कळते. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेल्या खिंडाराची वार्ता जगाला कळली. ते खिंडार फार थंड हवेत, शून्याखाली सुमारे ७८ अंशांहून खाली तयार होणाऱ्या ढगांच्या साहाय्याने वाढते. ते केव्हा भरून निघेल याचे भाकीत करणाऱ्या प्रतिकृतींत मात्र एक जुना दोष होता: त्यांचा दक्षिण ध्रुव खऱ्याहून थंड असे आणि हिवाळी वाऱ्यांचे चक्र वसंतात खऱ्याहून उशिरा मोडे. ६० अंश दक्षिण अक्षांशाजवळ लाटांचा रेटा कमी धरला जातो, हे त्यामागील एक संभाव्य कारण असल्याचे २०१२ मध्ये मांडण्यात आले. नेमक्या त्याच पट्ट्याच्या आसपास ही विसरलेली बेटे आहेत. सारा दोष त्यांच्याच माथी मारता येणार नाही. पण ज्या जमिनीला नकाशात जागा नाही ती आकाशातील हिशेब बिघडवू शकते, एवढे निश्चित.

हत्ती आणि आंधळे

एका उपकरणाला आडव्या आखूड लाटा दिसत नाहीत, दुसऱ्याला उभ्या आखूड. १९९५ पासून तिसरीही एक रीत आली: दिशादर्शक उपग्रहांचे रेडिओ-संदेश वातावरणाच्या कडेतून जाताना किती वाकतात यावरून तपमान काढण्याची. तिची नजर उंचीबाबत फार तीक्ष्ण, पण मापे जगभर विखुरलेली. आंधळ्यांनी हत्ती चाचपल्याची गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की, हे संशोधक आपला हात हत्तीच्या कोणत्या अवयवावर आहे हे ओळखून आहेत. म्हणून एका उपकरणात लाटा कमी दिसल्या तर ‘तेथे लाटा नाहीत’ असे ते म्हणत नाहीत. ‘या प्रकारच्या लाटा तेथे कमी आहेत’ एवढेच म्हणतात. २००५ मध्ये अंटार्क्टिकातून सोडलेल्या, आठवडेच्या आठवडे तरंगणाऱ्या फुग्यांनी आणखी एक धडा दिला. क्वचित येणाऱ्या मोजक्या मोठ्या लाटाच एकूण रेट्याचा फार मोठा वाटा उचलतात. तेव्हा केवळ सरासरी काढूनही भागत नाही.

या नकाशांत आपल्या देशालाही ठळक स्थान आहे. जून ते ऑगस्टमध्ये उत्तर गोलार्धाच्या स्थितांबरात लाटांचा जोर जेथे विशेष आढळतो, त्यांत मोसमी पावसाचा दक्षिण आशिया अग्रभागी असतो. येथे त्या डोंगरांपेक्षा ढगांतून अधिक निघतात. आपल्या अंगणात आषाढसरी कोसळत असतात त्याच वेळी त्या पावसाच्या उंच ढगांनी दिलेले धक्के वीस-तीस किलोमीटर वर लाटा होऊन पसरत असतात. विषुववृत्तावरील स्थितांबरात सुमारे २८ महिन्यांनी पूर्वेचे वारे पश्चिमेचे होतात आणि पुन्हा उलटतात. त्या चक्रालाही उष्ण कटिबंधातील ढगांनी उठविलेल्या अशाच लहानमोठ्या लाटांचा रेटा फिरवीत असतो.

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा द्वीपसमूहातील ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा त्याच्या दाबलहरीने पृथ्वीला अनेक प्रदक्षिणा घातल्या आणि उपग्रहांच्या तपमानचित्रांत प्रशांत महासागरावर पसरत जाणारी लाटांची वर्तुळे उमटली. २०२३ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाकडे ‘ऑ’ नावाचे नवे उपकरण रवाना झाले. ८७ किलोमीटर उंचीवरील हवेच्या स्वाभाविक मंद प्रकाशावरून, म्हणजे लाटा जेथे फुटतात त्या जागीच, ते त्यांचा वेध घेते. २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत आलेल्या हेलीन चक्रीवादळाच्या लाटा त्याने टिपल्या.

एकदोन अंशांचा हा चढउतार पूर्वी मापनातील गोंगाट म्हणून बाजूला सारला जाण्याजोगा होता. त्यातच वाऱ्यांना वळविणारा, ध्रुवावर उन्हाळ्यात हिवाळा आणणारा रेटा दडलेला निघाला. आपल्या नातवंडांच्या डोक्यावर ओझोनचे छत्र केव्हा पूर्ववत होईल, याचे भाकीत काही अंशी अशा बारीक हिशेबावरच अवलंबून आहे. तो हिशेब अद्याप पूर्ण जुळलेला नाही. पण कोणती लाट कोणत्या उपकरणातून निसटते हे तरी आता नीट कळले आहे, आणि मोजणाऱ्याच्या दृष्टीने हीच निम्मी लढाई असते.